उन्हाळ्याचा पगार करणारी वर्ना

वर्ना हॉफलँड या मार्चमध्ये वारली. एकतीस वर्षं तिनं विद्यापीठात शेती खात्याच्या हापिसात काढली. पण ती तिथं काय करते असं कुणी विचारलं की घरचे म्हणायचे, कागद करते. तिची बहीण आर्लिस तर चारचौघांत चिडवायची, प्रोफेसरांच्या सह्या गोळा करायचा पगार घेते ही. वर्ना हसायची, आणि समोरच्याच्या ताटात अजून बटाटे वाढायची.

काम असं होतं. प्रोफेसर लोकांचा पगार नऊ महिन्यांचा. अर्धा मे सरला की पोरं घरी आणि पगार बंद. पण इथला उन्हाळा जून ते ऑगस्टचा, आणि शेतीचं संशोधन तर उन्हाळ्यातच होणार. मग ज्याला सरकारी अनुदान मिळालंय त्यानं त्यातून उन्हाळ्याचा पगार घ्यायचा, फार तर दोन महिन्यांचा, आणि शेवटी सही करून द्यायची की एवढे दिवस मी हेच काम केलं. ते सगळे कागद वर्नाच्या टेबलावर यायचे.

बऱ्याच वर्षांपूर्वी टोबिन एग्रेन प्रोफेसर म्हणून नवीन लागलेला. गव्हावरच्या तांबेरा रोगाचं काम करायचा. घरी बायको, दोन वर्षांची पोरगी, घराचे हप्ते. मेमध्ये येऊन घाईघाईत जून आणि जुलै लिहून गेला. नवीन माणसं हमखास हेच करतात. त्यांना वाटतं अनुदान मिळालं हेच बक्षीस, दोन महिने कुठले का असेनात.

जूनच्या शेवटाला त्याचे वडील तिकडे दुलूथ गावी आजारी पडले. हा तीन आठवडे दवाखान्यातच होता. वडील गेले. त्यांना माती देऊन तो परत आला, तर कागद वाट बघत होता.

त्यानं पेन काढलं. वर्नानं कागदावर हात ठेवला.

"जुलै पूर्ण लिहिलाय तू. होतास कुठं?"

"तिथं वाचत होतो मी, वर्नाताई. लॅपटॉप नेला होता."

"वडलांच्या उशाशी?"

टोबिननं मान डोलावली.

"किती वाचलंस?"

"एक पान," टोबिन म्हणाला. "तेच तेच पान."

"मग ही सही करू नको."

"नाही केली तर तीन आठवड्यांचा पगार माघारी जाईल. हप्ता कुठून भरू? आणि केली तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की," वर्ना म्हणाली. "पलीकडच्या खात्यात एकानं अशीच केली होती. पाच वर्षांनी तपासणीवाले आले. आता तो ट्रॅक्टर विकतो. बरा विकतो म्हणतात."

टोबिनला हसू आलं नाही. तो खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वर्नानं त्याला रडू दिलं. कॉफी आणून ठेवली. मग म्हणाली, "आता मला सांग, गहू कधी कापणार?"

"ऑगस्ट लागला की. मग वजनं, दाणे तपासणं. दोन आठवडे जातील."

"कोण करणार ते?"

"मीच की."

"फुकट?"

"दोन महिने लिहून झालेत ना."

वर्नानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एवढं शिकवतात तुम्हाला, कॅलेंडर तेवढं शिकवत नाहीत वाटतं. अरे पोरा, उन्हाळा तुझा ऑगस्टच्या पंधरापर्यंत आहे. जे दिवस काम करशील ते लिही."

त्या दिवशी ती तासभर फोन कानाला लावून वरच्या हापिसाशी बोलत होती, मध्येच सँडविच खात. जुलैचे तीन आठवडे काढले, ऑगस्टचे दोन घातले.

"एक आठवडा गेलाच," टोबिन म्हणाला.

"तो आठवडा अनुदानाचा नाही, तुझ्या बापाचा होता," वर्ना म्हणाली. "तो कागदावर नको."

खाली तिचीही सही लागायची, की हा माणूस कामावर होता. म्हणून ऑगस्टात ती रोज सकाळी गाडी गव्हाच्या शेताकडून न्यायची. टोबिन दिसला की काच खाली करायची, हात वर करायची आणि पुढं जायची. पंधराव्या दिवशी दोघांनी सह्या केल्या. हप्ता थोडा उशिरा गेला, पण गेला.

यातलं वर्नानं घरी कधी काही सांगितलं नाही. लोकांच्या पगाराच्या गोष्टी घरी बोलायच्या नसतात, म्हणायची. आर्लिसला हे कळलं ते वर्नाची माती झाल्यावर, चर्चच्या तळघरात सगळे जेवायला बसले तेव्हा. टोबिन ताटली हातात धरून तिच्याशेजारी बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. आता त्याचे केस पिकलेत. म्हणाला, त्या दिवशी सही केली असती तर वडलांची आठवण आली की ती सहीच आधी आठवली असती. तुमच्या बहिणीमुळं मला वडील नुसते आठवतात.

आर्लिसनं त्याचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला.

वर्नाच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. या मेमध्ये नवीन प्रोफेसरांना टोबिनच घेऊन बसला होता म्हणे. महिना नंतर लिहा, म्हणाला, आधी पीक कधी कापणार ते सांगा.