वनमालाताईंची कोरी नळी

मुलुंडच्या एका संशोधन संस्थेत वनमाला कांबळी सव्वीस वर्षं नळ्या भरत होत्या. पेशींमधून प्रथिनं काढायची, बोटाएवढ्या प्लास्टिकच्या नळीत घालायची, झाकण लावायचं आणि प्रथिनांचं वजन करणाऱ्या यंत्राला द्यायची. नवे विद्यार्थी त्यांच्याकडे हात बसवायला येत आणि पहिल्याच दिवशी ओरडा खात. बाई तशा फटकळच. वडील गिरणीत होते, आणि घाटकोपरच्या एका खोलीत सात जणांत वाढताना गोड बोलायला सवड कुणाला होती?

असाच ओरडा खाऊन शिकलेली ऋता आता प्रयोगशाळेची प्रमुख होती. माणसाची सगळी जनुकं केव्हाच मोजून झाली, असं आपण धरून चालतो. पण जनुक म्हणजे प्रथिन बनवायची कृती, प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, आणि मोजणाऱ्या संगणकांना सांगितलेलं होतं की शंभर मण्यांहून आखूड माळेची कृती दिसली तर सोडून द्या. या सोडून दिलेल्यांत खरी जनुकं कोणती, हे ऋता तीन वर्षं शोधत होती. अखेर हृदयाच्या पेशींत तिला बेचाळीस मण्यांचं एक प्रथिन सापडलं. ते कुठल्याही यादीत नव्हतं.

तिने एका विज्ञान नियतकालिकाला लेख पाठवला. परीक्षकांनी उलट विचारलं, हे नमुना हाताळणाऱ्याच्या त्वचेतून आलं नसेल कशावरून?

ताईंना ते फार झोंबलं.

"माझ्या हातावर शंका? थांब, कोरी नळी लावते. पेशी नाहीत, नुसतं पाणी. बाकी सगळं रोजच्यासारखं."

आणि खरंच सगळं रोजच्यासारखं केलं. झाकण लावताना उजव्या हाताचा हातमोजा काढला. मोजा घातला की झाकण बसल्याचं बोटाला कळत नाही, म्हणून सव्वीस वर्षं त्या उघड्या अंगठ्याने झाकण दाबत आल्या होत्या. विद्यार्थ्यांना मात्र हेच करताना पकडलं तर सोलून काढत.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. पाण्यात प्रथिन होतं. तेच, बेचाळीस मण्यांचं.

ताई कागद समोर धरून खुर्चीत बसल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नळी टाकून, मोजा घालून दुसरी लावली असती, तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. कबूल केलं तर ऋताचा शोध मातीत जाणार आणि आपलं नावही. अंगठ्याकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. मग त्या उठल्या आणि निकालाचा कागद घेऊन ऋताकडे गेल्या.

"माझं चुकलं गं. मोजा काढते मी. पहिल्यापासून."

ऋताने कागद दोनदा वाचला. ती ओरडली असती तर ताईंना बरं वाटलं असतं.

"म्हणजे हृदयाचा दावा गेला," ती म्हणाली. मग खण उघडत, "ताई, अंगठा इकडे करा."

तिने चिकटपट्टीने ताईंच्या अंगठ्यावरची थोडी त्वचा उचलली. मग स्वतःची, आणि मुकुल नावाच्या विद्यार्थ्याची. हृदयाच्या पेशी आणि कोरी नळी पुन्हा लावली, या वेळी दोन्ही हातांत मोजे घालून. चार दिवसांनी निकाल आले. पाणी स्वच्छ, हृदयात काही नाही. तिन्ही अंगठ्यांत मात्र ते प्रथिन होतं.

"हृदयातलं नाही, त्वचेतलं आहे," ऋता म्हणाली. "पण तुमचा अंगठा माणसाचाच ना? मग जनुकही माणसाचंच. खरं आहे ते, ताई. ती नळी तुम्ही टाकली असतीत, तर मी जन्मभर भलत्याच जागी शोधत बसले असते."

ऋताने त्यांचा उजवा हात, उघडाच, आपल्या दोन्ही हातांत घेतला. सव्वीस वर्षांत त्या प्रयोगशाळेत कुणी असं केलं नव्हतं. फटकळ वनमालाताई मुकुलच्या देखत लहान मुलीसारख्या रडल्या.