लग्न ठरलं पोखऱ्याला, लागलं तानसेनला

"इथं नको," आई म्हणाली. "इथं केलं तर मी नवरी नाही होणार, बातमी होईन."

आमच्या घरातल्या परदेशातल्या लग्नाची सुरुवात ही अशी झाली. 'डेस्टिनेशन वेडिंग' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तसा समुद्रकिनारा, ड्रोन, पांढरे पडदे यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं. नवरी बावन्न वर्षांची, नवरदेव रेल्वेतून निवृत्त, दोघांचंही दुसरं लग्न, आणि सगळी व्यवस्था बघणारी मी, म्हणजे नवरीची मुलगी. कमी खर्चात, कमी माणसांत, ओळखीच्या नजरांपासून लांब जाऊन लग्न करायचं कुणाच्या मनात असेल तर हा लेख उपयोगी पडेल. पण त्या प्रवासात घडलं ते काही नियोजनातलं नव्हतं.

आधी माणसं सांगते. आम्ही नाशिकजवळच्या मखमलाबादचे. मळ्यात झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. बाबा गेले तेव्हा मी बालवाडीत होते. त्यानंतर मळा आई आणि आजी, म्हणजे बाबांची आई, या दोघींनीच ओढला. आजी तोडणी बघायची, आई फुलं बाजारात न्यायची. तिथेच काका, म्हणजे हे नवरदेव, पहिल्यांदा आले. ते मनमाडचे. बायकोच्या उपचारांसाठी दर आठवड्याला नाशिकला यायचे आणि परत जाताना आईकडून तिच्यासाठी गजरा न्यायचे. मग एकदा गजऱ्याऐवजी हार मागितला, फोटोला घालायला. आईने त्याचे पैसे घेतले नाहीत. पुढे कितीतरी महिन्यांनी एका सकाळी ते आले आणि नुसतेच उभे राहिले. "काय देऊ?" आईने विचारलं. "काही नको. चहा घेणार का?" असं म्हणाले. आई हे सांगताना अजूनही हसते.

मी खूश होते. प्रश्न आजीचा होता. ज्या दिवशी आईने तिला सांगितलं, त्या दिवशी आजी ओट्यावर माळा ओवत बसली होती. तिने ऐकलं, माळ पूर्ण केली, गाठ मारली आणि उठून गेली. हो नाही, ना नाही. पुढचे काही दिवस ती आमच्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. मी नेपाळचा बेत मांडला तेव्हा आई, जी आजीला आत्याबाई म्हणते, एकच म्हणाली, "आत्याबाई आल्या तर मी येते. त्यांना मागं ठेवून मी लग्नाला उभी राहणार नाही."

शेवटी आजीनेच मार्ग काढला. "मी लग्नाला येत नाय," तिने जाहीर केलं. "मी पशुपतिनाथाला येते. तुमचं तुम्ही बघा."

नेपाळ का? विमानाची गरज नाही. पासपोर्टची गरज नाही, मतदार ओळखपत्र चालतं (आधारवर विसंबू नका). हिंदी सगळ्यांना समजतं, आणि आजीला चालेल असं जेवण मिळतं. लग्नाची कायदेशीर नोंदणी मात्र आपल्या गावीच करून घ्या. नोटीस द्या, महिनाभर थांबा, साक्षीदार न्या. परदेशातल्या कागदांच्या मागे लागू नका. आम्ही तेच केलं. सह्या झाल्या त्या दिवशी आई नेहमीसारखी मळ्यात परतली. "लग्न लागलं की मगच लग्न," ती म्हणाली.

दिवाळीचा झेंडू उतरला, मळ्याला जरा उसंत मिळाली आणि आम्ही निघालो. नाशिकरोडहून गोरखपूरची गाडी, थ्री-टायर एसी, माणशी दोन हजारांच्या आत. काकांना रेल्वेचा पास होता. ते आणि त्यांची थोरली बहीण कुसुमताई मनमाडला चढले. कुसुमताई नांदगावच्या. बोलायला लागल्या की थांबत नाहीत, आणि गाडी सुटायच्या आत त्यांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बरणी बर्थवर मांडलीसुद्धा. काकांनी आजीला वाकून नमस्कार केला. आजीने खिडकीकडे बघत "हं" म्हटलं.

काका खालच्या बर्थवर बसलेच नाहीत. "आजींना पाय पसरू द्या," म्हणून वर चढले. पूर्ण प्रवासात त्यांनी आजीशी गोडगोड बोलायचा एकदाही प्रयत्न केला नाही. स्टेशन आलं की खाली उतरून गरम पाणी भरून आणायचे, आजीच्या बाटलीजवळ ठेवायचे आणि वर जायचे. आजी पाणी प्यायची. बोलायची नाही.

गोरखपूरला स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात रात्र काढली. सकाळी शेअर जीपने सोनौलीची सीमा गाठली. तिथं पायी कमानीखालून पलीकडे जायचं. एवढंच. आजी मधेच थांबली आणि मागे वळून म्हणाली, "झालं? परदेश आला?" पोलिसाला हसू आवरेना. घड्याळ मात्र पंधरा मिनिटं पुढं करावं लागतं, आणि खिशात शंभराच्या भारतीय नोटा भरपूर ठेवाव्यात, त्या सगळीकडे सहज घेतात.

तिथून पोखऱ्यापर्यंत खासगी जीप ठरवली, पाच जणांत साधारण सात हजार भारतीय रुपये. बस स्वस्त पडते, पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर जीपच घ्या. पोखऱ्यात तळ्याकाठच्या छोट्या हॉटेलात दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त होता. हॉटेलवालेच गुरुजी, होमाचं सामान आणि जेवण बघणार होते. संध्याकाळपर्यंत पोचू, असा हिशेब होता.

बुटवल सोडलं आणि घाट लागला. रस्त्याचं काम चालू होतं. एका बाजूला खोल दरी, दुसऱ्या बाजूला उकरलेला डोंगर, मधे ट्रकांची न संपणारी रांग. आम्ही दुपारभर तिथंच. कुसुमताईंनी सगळ्या ट्रकवाल्यांना दशम्या वाटल्या. कानावर पडणारं नेपाळी ऐकून काका म्हणाले, "आपल्याकडे बागलाणात 'आहे'ला 'शे' म्हणतात ना, तसं हे लोक 'छ' म्हणतात." आणि त्यांनी ड्रायव्हरला सरळ अहिराणीत काहीतरी विचारलं. ड्रायव्हरला काही कळलं नाही, पण आजी पहिल्यांदाच पदर तोंडावर धरून हसली.

दिवेलागणीला तानसेनला पोचलो. डोंगराच्या उतारावर चढत गेलेलं, फरसबंदी गल्ल्यांचं जुनं गाव. ड्रायव्हर चौकशी करून आला. "आगे पहाड़ गिरा है, दिदी. कल दोपहर तक तो मुश्किल."

म्हणजे मुहूर्त गेला.

चौकाजवळच्या एका लॉजमध्ये खोल्या मिळाल्या, हजार भारतीय रुपयांच्या आत एक. चालवणाऱ्या बाई माझ्या आईच्याच वयाच्या, सगळे त्यांना दिदी म्हणत. मी पोखऱ्याच्या हॉटेलला फोन केला. त्यांनी बिचाऱ्यांनी जास्तीचे पैसे न घेता तारीख पुढं ढकलली, पण त्यांचे गुरुजी पुढचे दोन दिवस दुसरीकडे होते. मी आईला हे सांगितलं. पिशवीतून काढलेली साडी तिने घडी घालून परत पिशवीत ठेवली.

सकाळी लॉजच्या गच्चीवर गेलो तर समोर खोरं धुक्याने भरलेलं आणि त्याच्यावर, ढगांच्याही वर, पांढरी शिखरं. तानसेनला जाणार असाल तर गावामागच्या श्रीनगर टेकडीवर पहाटे नक्की चढा, तिथून तर सगळी रांग दिसते. पण त्या सकाळी डोंगरांकडे आमच्यातलं कुणी धड बघत नव्हतं. आई कठड्याला टेकून उभी होती.

"आत्याबाई, आपण दर्शन घेऊ आणि परत जाऊ," ती म्हणाली. "मुहूर्त टळला. देवाच्याच मनात नसेल."

काका जिन्यात होते. त्यांनी ऐकलं. पुढे आले नाहीत, तिथंच थांबले. मला वाटलं ते समजावतील. ते फक्त म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं," आणि खाली जायला वळले.

आजी खुर्चीत बसून चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला.

"तुझं पहिलं लग्न मुहूर्त बघूनच लावलं होतं," ती म्हणाली. "मीच गेले होते भटजीकडं. लय चांगला मुहूर्त हाय म्हणाला. दोन पोत्यांची दक्षिणा दिली, एक गव्हाचं, एक बाजरीचं." ती थांबली. "त्याच्यावर माझा पोरगा किती जगला? मुहूर्ताचं नको सांगू मला."

बाबांबद्दल आजीला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती रडत नव्हती. आई रडत होती.

"मला राग नव्हता आला," आजी म्हणाली. "भीती वाटली. तू गेलीस की त्या घरात मी भांड्यांशी बोलू का? पण म्हणून तुला धरून ठेवू? म्हातारी मी हाय, तू नाय." मग जिन्याकडे बघून आवाज चढवला, "आणि ते पाव्हणं कुठं चाललं? थांबा म्हणावं. साडी काढ ती पिशवीतनं, चुरगाळली असंल."

दिदी चहाची किटली घेऊन वर आल्या होत्या आणि दारातच उभ्या राहिल्या होत्या. भाषा कळत नसली तरी त्यांना सगळं कळलं असावं. मी हिंदीत सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शादी? आज? तो यहीं करो ना! नारायण का मंदिर है नीचे."

पुढचं सगळं दुपारच्या आत जमलं. दिदींच्या ओळखीचे वयस्क पंडितजी आले. बाजारातून सयपत्रीच्या माळा आणल्या. सयपत्री म्हणजे आपला झेंडूच. आजीने माळ हातात घेऊन उलटसुलट केली. "ओवलीय सैल, पण फूल चांगलं हाय." माळांत मधे मधे जांभळी गोंड्याची फुलं होती. दिदी म्हणाल्या, त्यांना 'मखमली' म्हणतात. "आमच्या गावाचं नावपण तेच," आजीने त्यांना मराठीतच सांगितलं.

तानसेन 'ढाका' नावाच्या नक्षीदार हातमागाच्या कापडासाठी ओळखलं जातं. काकांसाठी टोपी घेतली आणि अंतरपाटासाठी तिथलीच शाल. नारायणाचं लाकडी मंदिर जुनं आहे, कोरीव तुळयांचं. अंगण स्वच्छ. अंतरपाट धरायला एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला कुसुमताई. पंडितजींना मराठी मंगलाष्टका येत नव्हत्या, म्हणून त्या कुसुमताईंनीच म्हटल्या, खड्या आवाजात, थोड्या बेसूर. बाजारात आलेली दहा-वीस माणसं थांबली, त्यांनीही अक्षता मागून घेतल्या. एका अनोळखी म्हातारबाबांनी 'सावधान' आमच्याबरोबर म्हटलं.

त्याआधी पंडितजींनी विचारलं होतं, "कन्या की तरफ से कौन बैठेगा?"

मी शाल कुसुमताईंच्या हातात देऊन पुढे निघाले, तेवढ्यात आजीने आपली पिशवी माझ्याकडे दिली. "धर," म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकत आईशेजारी जाऊन बसली. पंडितजींनी मान हलवली. त्यांना त्यात वेगळं काहीच वाटलं नाही. आईने मात्र तिचा हात धरला तो विधी संपेपर्यंत सोडला नाही. पंडितजींना दोन-तीनदा त्या हातांच्या अवतीभवतीनं पाणी सोडावं लागलं.

जेवण दिदींच्या लॉजमध्ये. डाळ, भात, मोहरीची भाजी, टोमॅटोची चटणी, आणि लग्न म्हणून सेलरोटी, आपल्या कडबोळ्यासारखी पण गोड. भात पुन्हा पुन्हा वाढत होते. आजीने जेवता जेवता विचारलं, "पाव्हणं, मनमाडला पाणी किती दिवसांनी येतं हो?"

काका गोंधळले. "पंधरा दिवस... कधी वीससुद्धा."

"आमच्या विहिरीला बारा महिने पाणी हाय," आजी म्हणाली आणि भाताकडे वळली.

काकांचा घास हातातच राहिला. आई त्यांच्याकडे बघत होती, मी आईकडे. कुसुमताईंना आधी कळलं. "अगं बाई!" म्हणून त्या पदर डोळ्यांना लावत उठल्याच.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला. रामदीला काली गंडकीवरचा पूल ओलांडून पोखऱ्याला गेलो आणि दोन दिवस राहिलो. फेवा तळ्यात होडी, काठावर मोमो आणि थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, सकाळी खिडकीत माछापुच्छ्रेचं शिखर. नवरा-नवरीला तळ्याकडची खोली दिली. काठमांडू तिथून अजून दिवसभराच्या रस्त्यावर. मी आजीला विचारलं, पशुपतिनाथाचं काय? "देव काय पळून जातो व्हय?" ती म्हणाली. मग त्याच वाटेने परत.

खर्च सांगायचा तर पाच माणसांचं येणं-जाणं, राहणं, जेवण, लग्न आणि काकांची टोपी धरून लाखाच्या थोडं वर गेलं. नाशकात हॉलचं भाडंही त्यात बसलं नसतं. पण पैशापेक्षा मला मोकळ्या जागेचं मोल जास्त वाटतं. आईला तिथं कुणाच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं नाही. अनोळखी माणसांनी तिच्यावर अक्षता टाकल्या आणि ती आपापल्या वाटेने भाजी घ्यायला गेली. ज्यांना तिचा भूतकाळ माहीत नव्हता, त्यांनी तिला नुसती नवरी म्हणून पाहिलं. परत आल्यावर लोक बोललेच. कुणी तोंडावर, कुणी मागे. पण तोवर तिच्याजवळ ती दुपार होती, आणि ती कुणाला परत घेता येणार नव्हती. एवढं एक लांब जाण्यानं मिळतं, असं मला वाटतं.

संक्रांतीनंतर काकांनी मनमाडचं घर भाड्याने दिलं आणि दोन पेट्या घेऊन मळ्यात राहायला आले. त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवरच्या काकू आल्या. दही मागायचं निमित्त. अंगणात काका ठिबकच्या नळ्या धुवत होते. काकू त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मी आत होते, आई चुलीपाशी. आम्ही दोघी कान देऊन ऐकत होतो.

"हे कोण म्हणायचे?" काकूंनी आजीला विचारलं.

"सुनेचे मालक," आजी म्हणाली. "आता बसतेस का उभीच राहणार हायेस?"