जोडाक्षरं नसलेली गाणी

गिटार मांडीवर घेतली की काका आधी डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्याच हाताची बोटं एकेक करून दाबायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "चला, समदे हजर." मग उजव्या हाताची. त्यानंतरच तारेला हात लावायचे.

पहिल्या रविवारी मला वाटलं, हा काहीतरी बोटांचा व्यायाम असेल. शेजारीच बसले होते, म्हणून विचारलं.

"सवय हो ताई," ते म्हणाले. "आख्खी नोकरी भोसरीत प्रेसशॉपमधी गेली. पत्रा दाबायच्या मशिनीवर. शिफ्ट सुटली की आमी आधी बोटं मोजायचो, मग डबा उचलायचो."

हे त्यांनी हसत सांगितलं. मी मात्र त्यांच्या बोटांकडे पाहिलं. सगळी होती. जाड, टोकाशी चपटी, एकाचं पेर जरा वाकडं बसलेलं.

आमचा क्लास रहाटणीत, एका मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. शाळकरी मुलं, आयटीतली दोन पोरं, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला असलेली मी, आणि हे काका. साठी ओलांडलेले, पांढरा सदरा, पायांत कंपनीतून मिळालेले जुने सेफ्टी शूज. राहायला मोशीत. तिथल्याच जुन्या घरातले. मोशीत क्लास नाहीत का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "हायेत की. पन तिथं समदे वळखीचे. म्हाताऱ्याला काय खूळ लागलं म्हणत्याल."

तुम्ही कधी गिटार शिकायला बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, पहिले काही महिने फार अपमानाचे असतात. बोटांची टोकं सोलवटतात, तारा खरखरतात, आणि आपल्या मनातलं गाणं दुसऱ्याच कुणाचं तरी होऊन बाहेर पडतं. म्हणून आमच्या सरांनी आम्हाला आधी टॅब वाचायला शिकवलं. टॅब म्हणजे गिटारची सोपी लिपी. कागदावर सहा आडव्या रेघा, त्या सहा तारा. रेघेवर जो आकडा असेल, गिटारच्या दांड्यावरच्या तेवढ्या नंबरच्या खान्यात बोट दाबायचं. शून्य असेल तर तार मोकळी सोडायची. स्वरलिपी यायला नको, राग यायला नको.

काकांना टॅब आवडली. कंपनीत त्यांनी जन्मभर ड्रॉइंग वाचलेलं, त्यामुळे रेघा आणि आकड्यांची त्यांना भीती नव्हती. पण एकदा बराच वेळ कागद न्याहाळून ते म्हणाले, "सर, बोट कुठं ठेवायचं ते लिवलंय. पन किती येळ ठेवायचं ते न्हाई लिवलं."

सर वयानं त्यांच्या मुलीपेक्षाही लहान. ते म्हणाले, "ते यात नसतं, काका. ते गाणं ऐकून आपणच ठरवायचं."

"आपुनच?" त्यांनी पुन्हा विचारलं. "मंग बेस हाय."

त्यांना याचा एवढा आनंद का व्हावा, हे त्या दिवशी कुणाला कळलं नाही.

खरी पंचाईत गाणी निवडताना व्हायची. सर नवशिक्यांसाठी सोपी गाणी काढून आणायचे. दोन-तीन कॉर्डची, नाहीतर एकाच तारेवर बसणारी. आम्ही खूश. काका मात्र गिटार बाजूला ठेवायचे, चष्मा लावायचे, गाण्याचे शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे आणि मान हलवायचे.

"हे नको, सर."

"अहो काका, याच्याहून सोपं गाणं नाही."

"जोडाक्षरं लई हायेत."

खोलीत हशा पिकायचा. गिटारला जोडाक्षरांशी काय घेणं? आयटीतला एक पोरगा तर त्यांना दर रविवारी विचारायचा, "काय काका, आज व्याकरण काय म्हणतंय?" काका रागवायचे नाहीत. पुढचा कागद मागायचे. एखाद्या गाण्यात म, ल, ब, न अशी मऊ अक्षरं भरपूर असली की त्यांचा चेहरा उजळायचा. ते गाणं मग बोटांना कितीही अवघड असो, ते तेच घ्यायचे आणि महिनाभर त्याला धरून बसायचे.

एका रविवारी पाऊस नव्हता, सण नव्हता, तरी क्लासला फार थोडी माणसं होती. सरांनी विचारलं, आज कुणाला काय वाजवायचंय? काका खाकरले.

"सर, 'पाणी पायजे' याला काय लावू?"

"हे कुठलं गाणं?"

"गाणं न्हाई. नुसतं एवढंच. 'पाणी पायजे.' दोनच सूर द्या, पन लक्षात ऱ्हातील असे द्या."

सर हसणार होते, पण काकांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. मग काकांनी सांगितलं. खाली बघून, गिटारच्या लाकडावरून हात फिरवत.

त्यांच्या मंडळींना वर्षापूर्वी झटका आला होता. उजवी बाजू अधू झाली, आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. बोलायला गेलं की शब्द सापडत नाही. एकच शब्द तेवढा तोंडात राहिलाय, 'उद्या'. भूक लागली तरी 'उद्या', पाय दुखला तरी 'उद्या', राग आला तरी 'उद्या'. "समद्यात अवघड जोडाक्षर तेवढं ऱ्हायलं," काका म्हणाले, "सोपं समदं गेलं."

दवाखान्यातल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं, काही माणसांना बोलता येत नाही पण गाता येतं. त्यांच्यासोबत हळूहळू गा. डाव्या हातानं ठेका धरायला लावा. शब्द सोपे घ्या.

"मग तुम्ही गा ना, काका," कुणीतरी म्हणालं.

"माझा गळा?" काका म्हणाले. "मशिनीच्या आवाजानं कान निम्मे गेलेत. मी गायला लागलो की ती चांगल्या हातानं कान झाकती. तिचा गळा खरा. गावात हळदीची गाणी तिच्याबिगर सुरू व्हायची न्हाईत." त्यांनी गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. "ह्यात खाने पाडल्यालेत. बोट बरुबर खान्यात ठिवलं की सूर चुकत न्हाई. माझ्या गळ्याला असले खाने न्हाईत. पोरीनं कॉलेजात असताना हौसेनं घेतलेली ही. पडूनच होती घरात."

"पण मोबाइलवर गाणी लावली तर?" मी विचारलं.

"मोबाइल थांबत न्हाई, ताई. तिला शब्द गावायला येळ लागतो. तंवर गाणं म्होरं निघून जातं."

त्यानंतर बराच वेळ सर तिसऱ्या तारेवर काहीतरी शोधत होते. शेवटी त्यांनी चार आकडे कागदावर लिहिले. शून्य, शून्य, दोन, शून्य. पा-णी-पाय-जे. काकांनी ते वाजवलं. पुन्हा वाजवलं. आयटीतला तो पोरगा उठला आणि काकांच्या मागे उभा राहून हलक्या आवाजात त्यांच्यासोबत म्हणू लागला, "पाणी पायजे." मग आम्ही सगळेच म्हणू लागलो. त्या दिवशी क्लासमध्ये दुसरं काही झालं नाही.

पुढे सर त्यांच्यासाठी असे कागद करून ठेवू लागले. 'पाय दुखतो.' 'पुरे आता.' 'दार उघडा.' प्रत्येकाला वेगळी चाल, म्हणजे गोंधळ व्हायला नको.

एकदा त्यांच्या गिटारची तार तुटली आणि नवीन त्यांना चढवता येईना. मी भोसरीत राहते. मोशी तिथून जवळ. स्कूटीवरून गेले. नव्या इमारतींच्या मध्ये अडकलेलं त्यांचं माडीवरचं दोन खोल्यांचं घर, गॅलरीला लागून पलंग, आणि पलंगावर उशीला टेकून बसलेल्या काकू. केस नीट विंचरलेले, कुंकू जरा तिरकं. ते काकांनी लावलेलं असणार. मला बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "उद्या."

"बसा म्हणतीय," काका म्हणाले.

मी तार चढवून दिली. काका पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी तीन सूर वाजवले आणि चौथा वाजवलाच नाही. बोट तारेवर तयार, पण वाजवेनात. काकूंचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता. ओठ जुळत होते, सुटत होते. मला ते बघवेना. मी शब्द सांगायला तोंड उघडणार, तर काकांनी मानेनंच मला थांबवलं. खाली रस्त्यावरून एक बस गेली, तिचा आवाज विरला, आणि मग काकूंनी ताणून, पण अगदी सुरात म्हटलं, "पाणी पाय... जे."

काका उठले आणि तांब्या-भांडं घेऊन आले. हसले नाहीत, शाबासकी दिली नाही. पाणी मागितलं की पाणी द्यायचं असतं, तसं दिलं.

मग मला म्हणाले, "आता बघा हां." त्यांनी दोनच सूर वाजवले आणि बायकोकडे बघितलं. काकूंनी मान फिरवली. काकांनी पुन्हा वाजवले. काकू लाजल्यासारख्या हसल्या आणि म्हणाल्या, "उद्या."

"'अहो' म्हणवून घ्यायचंय," काका म्हणाले. "आख्खा जलम मला 'अहो' म्हणून हाक मारली. लगीन झाल्यापासून माझं नावच ते. येवढं सोपं, एक जोडाक्षर न्हाई त्यात. पन रोज उद्यावर ढकलतीय."

हा एकच शब्द त्यांनी कधी कागदावर लिहून घेतला नाही. त्याची चाल त्यांनी स्वतःच शोधली होती.

दिवाळीनंतर एका रविवारी ते नेहमीसारखे आले, जागेवर बसले, गिटार जुळवू लागले. जुळवता जुळवताच माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल म्हणाली."

"काय म्हणाल्या?" मी विचारलं, आणि मग लक्षात आलं.

त्या दिवशी त्यांनी जे जे वाजवलं ते सगळं चुकलं. सरांनी एकदाही टोकलं नाही.

मग एका रविवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही. सरांनी फोन केला तर मुलीनं उचलला. काका भाजी आणायला गेले होते. तिथेच छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

मी भेटायला गेले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. काकू पलंगावरच होत्या. कपाळ मोकळं. मुलगी त्यांच्या पायाशी बसली होती. ती नाशिकला दिलेली, आईची ही सगळी रीत तिनं फोनवर नुसती ऐकलेली. पंखा फिरत होता, तरी खोलीत श्वास घेववत नव्हता.

एकाएकी काकू गाऊ लागल्या. स्पष्ट, सुरात, मांडीवर ठेका धरून. "दार उघडा."

सगळ्या बायका चपापल्या. काकूंची जाऊ पुढे झाली. "गप ऱ्हा गं बाई. माणसं आलीत. गाणं कसलं म्हणतीस?"

"दार उघडा," काकूंनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

"दार उघडंच हाय," कुणीतरी रडत म्हणालं. "त्यांची वाट बघतीया बाई." त्याबरोबर दोन-चार जणींनी डोळ्यांना पदर लावला. मुलगी आईचा हात धरून म्हणत होती, "आई, नको ना. आई, असं नको करू."

मी उठले, माणसांतून वाट काढत पलंगामागे गेले आणि गॅलरीचं दार उघडलं. गार वारा आत आला. काकूंनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला. त्यांना एवढंच हवं होतं.

"त्या गात नाहीयेत," मी मुलीला म्हटलं. "बोलतायत. बाबांनी शिकवलंय त्यांना असं बोलायला."

"मला नाही येत हे," ती म्हणाली. "मला कसं कळणार तिला काय हवंय ते?"

आईला नाशिकला घेऊन जाण्याआधी ती काही आठवडे मोशीत राहिली. तेवढे रविवार मी क्लास सुटला की गिटार पाठीला लावून तशीच त्यांच्याकडे जायचे. तिला एकेक चाल दाखवायचे. तिची बोटं सोलवटायची, शेवटचा सूर थोपवून धरणं तिला जमायचं नाही. घाईनं वाजवून टाकायची आणि मग आईकडे बघून ओशाळायची. काकू तिला डोळ्यांनीच दटावायच्या.

जाण्याच्या आदल्या रविवारी मी दारात पाऊल टाकलं, पाठीवरची गिटार उतरवली. काकू माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्या मागे, जिन्याकडे बघितलं. क्लासहून परतायची काकांची हीच वेळ. त्यांचा डावा हात मांडीवर पडला. उचलला. पुन्हा पडला. आम्हाला वाटलं, पाणी. मुलगी भांडं आणायला उठलीसुद्धा.

पाण्याच्याच चालीवर काकू म्हणाल्या, "आलं न्हाईत."

हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याचा कागद नव्हता. शब्द त्यांनी स्वतः शोधले होते आणि त्या चालीत स्वतः बसवले होते.

मुलगी भांडं हातात धरून उभी राहिली. मग ते तिनं खाली ठेवलं, आईजवळ बसली, आईचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि त्याच्यावर हळूहळू ठेका धरला. तिचा आवाज दोनदा फुटला. तिसऱ्यांदा तो त्या दोन सुरांवर नीट टेकला.

"न्हाई येणार, आई," तिनं गाऊन सांगितलं.

काकूंनी ते सगळं, शेवटच्या सुरापर्यंत, थांबून ऐकून घेतलं.