राखीची चाल

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास सेवकराम फौजेतून पेन्शनीवर तुमसरला परतला, तो मशकबाजा घेऊनच. काखेत दाबायची कातडी पिशवी, तिच्यात फुंकायची नळी आणि वर ताठ उभे भोंगे. मोहल्ल्यातल्या विणकरांनी असलं प्रकरण बापजन्मात पाहिलं नव्हतं. तरी बँड उभा राहिला. मशक वाजवणाऱ्या गोऱ्यांच्या घागऱ्यासारखं चौकड्यांचं कापड त्यांनी आपल्याच मागावर विणलं आणि पुरुषांनी घागरा नेसायचा कसा म्हणून पँटीवरच गुंडाळलं! लोक पोट धरून हसले, पण लग्नाला बोलावू लागले.

एक चाल सेवकराम एकटाच वाजवत बसायचा. कशाची म्हणून विचारलं की उठून जायचा. तो वारल्यावर मशक बँडातल्याच तुलाराम विणकराकडे आली. ऐकून पाठ झालेली ती चाल त्याने नवरीच्या पाठवणीला लावून टाकली. ऐकून सगळा मांडव रडायचा; आणखी काय पाहिजे? त्याने स्वतःच्या लेकीला, राखीलाही त्याच चालीवर सासरी धाडलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

राखी पहिल्याच बाळंतपणात गेली.

पुढच्या हंगामात बपेऱ्याच्या एका लग्नात ती चाल सुरू झाली आणि सुटीवर आलेला भूषण नावाचा जवान मांडवात ताडकन सावधान उभा राहिला. नवरीची गाडी हलल्यावर त्याने हळूच विचारलं, "मामा, कोन वारलं?"

"वारलं? लगन आहे ना बापा!"

"आमच्या पलटनीत शहीद झालेल्याले निरोप देताना हेच वाजवतेत. दुसरं कायलेच नाही."

तुलारामने मशक काखेतून उतरवली. चालीनं कुणी मरत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण कळून काय उपयोग? उंबरा ओलांडायच्या आधीच आपण पोरीला मातीत घातलं, हे मनातून निघेना. घरी येऊन त्याने विळ्याने मशक चिरली आणि सगळ्यांना सांगितलं, फाटली. बँड तिथेच मोडला.

बायकोला, कुंताबाईला, त्याने जवानाचं बोलणं सांगितलं नाही. तिला त्या चालीतच लेक दिसायची. राखीच्या वर्षश्राद्धाला पाटावर नैवेद्य ठेवून ती म्हणाली, "आज तेवढी राखीची चाल वाजवा न जी."

"मशक फाटली ना."

"मालूम आहे मले."

तिने आतून मशक आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. चिरेवर त्याच चौकड्यांच्या कापडाचं ठिगळ होतं, बारीक टाक्यांनी शिवलेलं, वरून मेण फिरवलेलं.

"हवा जाऊन नाही राहिली," ती म्हणाली. "मी फुकून पाह्यलं."