धकातेबाईंची सतरंजी

एखादं लेकरू तुमच्यासमोर येऊन उभं राहिलं आणि खाली बघत म्हणालं, "मले त्या दुकानात नाई जाचं," तर तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल? खरं सांगा. आमच्या भंडारा जिल्ह्यात बहुतेकांच्या तोंडून एकच शब्द निघतो. काहून, म्हणजे का. काहून नाही जाचं? काहून आधी नाही सांगितलं? विचारणाऱ्याला वाटतं, आपण काळजीने विचारलं. लेकराला वाटतं, चूक आपलीच आहे.

सुमन धकातेबाईंनी या शब्दावर बंदी घातली होती. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका म्हणून त्या निवृत्त झाल्या आणि त्यानंतर गावोगावच्या सेविकांना, शिक्षकांना, ग्रामसेवकांना, पोलीस पाटलांना बालसंरक्षणाचं प्रशिक्षण देत फिरू लागल्या. मी तेव्हा नुकती बी.ए. झालेली. एका लहानशा संस्थेने मला त्यांची मदतनीस म्हणून पाठवलं. काम एवढंच, हजेरीवर सह्या घ्यायच्या, चहा सांगायचा आणि बाईंची सतरंजी अंथरायची.

सतरंजी त्यांच्या घरच्या मागावर विणलेली होती. बाईंचे यजमान कोशाचं रेशीम विणायचे. उरल्यासुरल्या रंगीत सुतातून त्यांनी ती बाईंसाठी काढली होती. प्रशिक्षणाला आलेले सगळे खुर्च्यांवर बसत आणि मधोमध ही सतरंजी रिकामी असे. बोलताना ज्याच्या तोंडून "काहून" निघेल त्याने उठून सतरंजीवर बसायचं, असा बाईंचा नियम होता.

मी पाहिलेल्या पहिल्याच प्रशिक्षणात हा मान एका पोलीस पाटलांना मिळाला. धोतर, टोपी, पिळदार मिशा. ते म्हणाले, "बाई, मी गावचा पाटील. मी खाली बसू?"

"बसा ना, पाटीलबुवा. लेकरू बी तुमच्यासमोर असंच बसते."

पाटील मांडी घालून बसले. बाई खुर्ची ओढून अगदी त्यांच्या डोक्यावर आल्यासारख्या बसल्या आणि विचारू लागल्या.

"सकाळी भाजी कोनती खाल्ली?"

"वांग्याची."

"वांग्याची काहून?"

"घरी होती म्हनून."

"नक्की वांग्याची?"

"हो."

"कोनी पाह्यलं खाताना? बायकोले इचारलं त ती हेच सांगन? पाटील, नीट आठवा. वांगंच होतं?"

पाटलांनी कपाळावरचा घाम पुसला. "आलूवांगं असन बाई."

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पाटलांना हात देऊन उठवलं, स्वतः त्यांच्या खुर्चीपर्यंत नेलं आणि मग सगळ्यांकडे वळल्या. "पाटील खोटं बोलले का? नाई. तीन वेळा इचारलं म्हनून त्यायची भाजी बदलली. आपन लेकराले धा वेळा इचारतो. मंग म्हनतो, पोट्टी बयान बदलवते."

बोलण्याची त्यांची ढब अशीच होती. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा तेव्हा नवा होता, त्यातली कलमं बाईंना पाठ होती, पण सुरुवात त्या कधी कलमांपासून करत नसत. "लेकराच्या बोलन्यात आपला प्रश्न घुसला का त्याचं बोलनं आपलं होऊन जाते," असं म्हणत. कुणी मध्येच सल्ला द्यायला लागलं की "आधी ऐका, मंग शहाने व्हा," एवढंच. त्याआधीच भंडारा जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा त्यांच्या अर्ध्या जुन्या मैत्रिणी गोंदियाच्या यादीत गेल्या. त्यांचे फोन तरी येतच राहिले. कुणाच्या अंगणवाडीत काही ऐकू आलं की आधी बाईंना विचारलं जाई.

पण माझ्या आठवणीत बाई सर्वांत जास्त आहेत त्या त्यांच्या गावच्या, आंधळगावच्या, बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी आसपासच्या सेविका भाजीला येत आणि जाता जाता पिशव्या घेऊन बाईंच्या मागाच्या खोलीत शिरत. यजमान माग थांबवून चुलीवर चहा ठेवत. सतरंजीवर सगळ्या गोल बसत, मेथीच्या जुड्या, शिंगाडे, मिरच्या मांडीशी. मग ज्या बाईने महिनाभरात एखाद्या लेकराचं काही ऐकलं असेल, ती बोले. नाव नाही, गाव नाही. फक्त ते ऐकून तिला स्वतःला काय झालं ते. कुणाला झोप लागत नव्हती, कुणी नवऱ्यावर उगाच चिडत होती, कुणी स्वतःच्या मुलीला अंगणातही सोडत नव्हती. बाकीच्यांनी उपाय सांगायचा नाही, ऐकायचं. "तुमी लेकराचं ऐकलं," बाई म्हणत, "आता तुमचं कोन ऐकन? ऐकनारी मोडली त पुढचं लेकरू कोनापाशी जाईन?"

सरकारी परिपत्रकात मदतीचा असा रकाना मी कुठे पाहिला नाही. नोंदवही भरली का, अहवाल पाठवला का, हे सगळे विचारतात. अहवाल पाठवून घरी आलेली बाई जेवली का, हे धकातेबाई विचारत.

तिथेच एका बाजाराला प्रमिलाताई आल्या. कोणत्या गावच्या, ते मी लिहिणार नाही. त्यांच्या अंगणवाडीत धाकट्या बहिणीला न्यायला येणाऱ्या एका शाळकरी मुलीने त्यांना गावातल्या एका दुकानदाराबद्दल सांगितलं होतं. प्रमिलाताईंनी सगळं बाईंच्या सांगण्याप्रमाणे केलं. एकही प्रश्न मध्ये घातला नाही, मुलीच्या आईला सोबत घेतलं, पोलिसांत कळवलं. दुकानदाराला अटक झाली. मुलीचा न्यायाधीशांसमोरचा जबाब तेवढा बाकी होता. आणि गावाने काय केलं? प्रमिलाताईंच्या अंगणवाडीत पोरं पाठवणं बंद केलं. दुकानदार उधारीवर सगळ्यांचं चालवायचा ना.

प्रमिलाताई हातातला चहा न पिता सांगत होत्या. "रिकाम्या खोलीत बसून राहतो मी. खिचडी शिजवतो, कोनी खात नाई." बाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून होत्या. माझं डोकं मात्र भडकलं होतं.

मी पत्रकांवर वाढले. माझे वडील तुमसरच्या राईस मिलमध्ये हमाल होते आणि संघटनेची पत्रकं आमच्या घरात धानाच्या पोत्यांसारखी रचलेली असत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे मला श्वास घेण्याइतकं साधं वाटे. बाईंना न विचारता मी रात्रीतून मजकूर लिहिला, तुमसरला छापून घेतला आणि पुढच्या बाजारी वाटायला सुरुवात केली. 'एका निष्पाप मुलीचा आवाज ऐकणाऱ्या सेविकेवर बहिष्कार का?' असा मथळा. मुलीचं नाव अर्थातच नव्हतं. एवढं मला कळत होतं.

बाई कोथिंबीर घेत होत्या. मी मोठ्या अभिमानाने त्यांच्या हातात पत्रक दिलं. त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. मग घडी घातली.

"नाव नाई लिहिलं तू," त्या म्हणाल्या. "शाळा लिहिली. वर्ग लिहिला. बाप कोन्या कामाले जाते, घर तलावाच्या कोनत्या अंगाले आहे, सारं लिहिलं. त्या गावात अशा किती पोट्ट्या आहेत बाई?"

एकच होती.

त्या रागावल्या नाहीत. कोथिंबीर पिशवीत टाकून "चाल" म्हणाल्या आणि आम्ही वाटलेली पत्रकं परत गोळा करायला निघालो. चहाच्या टपरीवरून, बांगडीवाल्याकडून, सायकलच्या कॅरियरवरून. फुटाणेवाल्याने तर त्यांचे पुडे बांधायला घेतले होते. बाईंनी बांधलेले सगळे पुडे मागितले. "एवढे फुटाने कोन खाईन बाई?" त्याने विचारलं. "ही खाईन," माझ्याकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, "हिले लय भूक लागली होती." बसस्टँडवर बसून आम्ही पुडे सोडवले, कागद एकीकडे, फुटाणे पदरात. मी रडत होते आणि खात होते.

तिथेच त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षात एक मुलगी त्यांच्याजवळ आली होती. "मले घरी नाई जाचं," एवढंच म्हणाली. बाईंनी विचारलं, काहून? मुलगी म्हणाली, "काही नाई," आणि गेली. "पुन्हा कधी आली नाई माह्यापाशी. बोलली नाई. आता तिचं लग्न होऊन नातू आले असन. मले अजून तिचं 'काही नाई' ऐकू येते." त्यांनी शेवटचा कागद मांडीवर सरळ केला. "तुह्याकडून चूक झाली. माह्याकडूनबी झाली. आता पुढं."

पण दोन-तीन पत्रकं त्या गावात पोचलीच. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत गेली नाही. आईजवळही बोलेना. जबाबाची तारीख जवळ येत होती. मी बाईंना म्हणाले, मी जाऊन तिची माफी मागते.

"माफी तुले पाहिजे. तिले काय पाहिजे ते तुले माहीत आहे?"

"मग मी काय करू?"

"प्रमिलाच्या अंगनवाडीत जाऊन बस. रोज. झाडू मार, गाने म्हन, पोरं नसन त खिचडी तू खा. पोट्टी आली त काही इचारू नोको. माफीबी मागू नोको."

मी रोज सकाळी पहिल्या बसने जाऊ लागले. चळवळीतल्या माणसाला गप्प बसणं किती अवघड असतं, ते तेव्हा कळलं. आधी प्रमिलाताई आणि मी दोघीच असायचो. मग एक म्हातारी नातवाला घेऊन आली. मग शेजारची दोन पोरं. एक दिवस ती मुलगीही बहिणीला सोडायला आली, दारातूनच परतली. दुसऱ्या दिवशी दारात थांबली. नंतर आत येऊन भिंतीला टेकून बसू लागली. मी तांदूळ निवडत असे, ती माझ्या हातांकडे बघत असे. अनेक दिवस असेच गेले.

एकदा तिने सुपातला एक खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुमी मले काही इचारत काहून नाई?"

मी खडा मुठीत धरला. "तू सांगशील तेव्हा ऐकीन," मी म्हणाले. "नाही सांगितलंस तरी मी इथेच बसेन."

तिने थोडा विचार केला. "प्रमिलाबाई संग येईन त मी सांगतो तिथं."

प्रमिलाताई गेल्या तिच्यासोबत. जबाब झाला. ती शाळेत परतली. खटल्याचं पुढे काय झालं, ते तिचं आहे. सांगायचं असेल तर ती सांगेल. हे वाक्य लिहायला मला बाईंनी शिकवलं.

धकातेबाई दोन वर्षांपूर्वी, धान कापणी उरकल्यावर गेल्या. शेवटी दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसून काहीबाही बोलत होते, धीर देत होते. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "पोरी, आधी ऐक." मी त्यांचा श्वास ऐकत बसले.

त्यांच्यानंतरच्या पहिल्या बाजारी मला वाटलं, आता कोण येणार. तरी गेले. मागाच्या खोलीबाहेर चपला होत्या. यजमानांनी माग थांबवला होता आणि सतरंजी स्वतःच अंथरली होती. बायका पिशव्या मांडीशी घेऊन गोल बसल्या होत्या. मग मीच बोलले, पहिल्यांदाच, त्या पत्रकाबद्दल सगळं. कुणी "काहून" म्हटलं नाही. चहा आला. प्रमिलाताईंनी कप माझ्या हातात दिला आणि स्वतः जवळ सरकून बसल्या.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला माझं एक सांगणं आहे. पत्रक काढू नका, सभा घेऊ नका. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत कुणी सेविका, कुणी शिक्षक, कुणी परिचारिका असेल, जिने आज एखाद्या लेकराचं ऐकून घेतलं आणि ते ओझं घेऊन घरी परतली. कोणत्या लेकराचं, ते तिला विचारू नका. आज संध्याकाळी तिच्याकडे जा, जेवली का विचारा, आणि ती बोलेपर्यंत नुसते शेजारी बसा.