माझं मशीन मीच जोडणार

दोह्याच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात प्रश्न मी विचारत होते आणि विक्रेता उत्तरं माझ्या नवऱ्याला देत होता. "सर, ये रेडिमेड ले लीजिए, मॅडम के लिए काफी है."

"मुझे बताइए," मी म्हणाले, "मशीन मेरा है."

नाशिकला एका ऑफिसात मी कारखान्यांच्या पाइपिंगची ड्रॉइंग्ज करायचे. नवऱ्याला कतारमधल्या मेसईदच्या प्लांटमध्ये नोकरी लागली, तेव्हा माझी नोकरी सोडून मी इथे आले. आता मुलगी मोठी झाली होती आणि जुन्या ऑफिसने घरून काम करशील का म्हणून विचारलं होतं. त्यासाठी दणकट कॉम्प्युटर हवा होता. आमच्या बजेटमधला रेडिमेड दिसायला देखणा, पण ग्राफिक्स कार्ड नाही, मेमरी जेमतेम. मोठं ड्रॉइंग उघडलं की मान टाकणारा. तेवढ्याच पैशांत सुटे भाग घेऊन मी स्वतः जोडला, तर हवा तसा होणार होता.

"तू जोडणार?" नवरा हसला.

"हो. मीच."

महिनाभर व्हिडिओ बघितले. भाग एकेक करून आणले. मॉनिटर कायमचं भारतात परत निघालेल्या एका कुटुंबाकडून घेतला. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी अल थुमामा भागातल्या आमच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर सगळं मांडून बसले. तासाभरात नवऱ्याचा प्लांटमधला मित्र चहाला आला आणि माझ्या मागे उभा राहिला.

"वहिनी, हे बायकांचं काम नाही हो. काहीतरी जाळून ठेवाल."

"भाऊजी, तुम्ही माझा उजेड अडवताय," मी म्हणाले. तो सोफ्यावर जाऊन बसला.

शेवटचा स्क्रू बसवून बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळाच. पुन्हा दाबलं. काळाच.

"खलास!" मित्र तिथूनच म्हणाला. नवरा हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे गं. उद्या रेडिमेड आणू."

जळलं असेल तर? पण त्या दोघांच्या चेहऱ्यावरची ती समजूतदार दया बघून माझं डोकंच फिरलं. "उद्या काही आणायचं नाही. तुम्ही दोघं बाहेर फिरून या."

"बाहेर ऊन बघ किती आहे!"

"मग मॉलमध्ये जा."

ते गेले. मी प्लग काढला, मेमरी काढून परत बसवली, मग एकेक वायर बोटाने चाचपत गेले. वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरला वीज देणारी छोटी जागा रिकामी होती. तिची वायर पुठ्ठ्याच्या रंगाच्या पट्टीत बांधलेली, मागे लोंबत होती. इतकंच! ती खटकन बसवली आणि बटण दाबलं.

"आई, इट्स ऑन!" शेजारी येऊन उभी राहिलेली मुलगी ओरडली. मी खुर्ची पुढे ओढून कीबोर्ड जवळ घेतला.

दोघं परतले तेव्हा ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चढत होतं. मित्र म्हणाला, "रेडिमेडला गॅरंटी तरी असते, वहिनी."

"याची गॅरंटी मी," म्हटलं.

इथला आठवडा रविवारी सुरू होतो; त्या पहाटे नवऱ्याची कंपनीची बस यायची होती. मी पहिलं ड्रॉइंग उघडून बसले होते. "माझा डबा?" त्याने विचारलं.

"भाजी-पोळी ओट्यावर आहे," मान वर न करता मी म्हणाले. "भरून घे."