बांगड्याचे कल्ले आणि माझे गाल

गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत तिचा अंगठा बांगड्याच्या कल्ल्याखाली गेलेला असायचा. कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवायची आणि म्हणायची, "बघा. लाल आसा मां? मगे गप घेवन जावा."

मालवणच्या बाजारात सगळे तिला नुसतं 'बाय' म्हणत. वीस वर्षं मी तिच्याकडून मासे घेतले, पण नाव विचारलं नाही. तुमच्याही बाजारात अशी एक असेलच. कुणी भाव पाडून मागितला की ती म्हणायची, "स्वस्त होयो? मगे चितरातलो घ्या." मी जरा आवाज चढवला की, "मास्तरानू, शाळेत पोरां तुमका घाबरत. हंयसर मासे घाबरनत नाय."

मी विज्ञानाचा निवृत्त मास्तर. तीस वर्षं फळ्यावर जीवनसत्त्वं लिहिली, आणि पासष्टाव्या वर्षी त्यातल्याच एकाने माझ्यावर सूड उगवला.

झालं असं की रक्तात कोलेस्टेरॉल जास्त निघालं. मोबाइलवरच्या कुणा हसऱ्या माणसाने सांगितलं, नायसिन घ्या, म्हणजे ब-३. मी बाटली मागवली. डॉक्टरला विचारलं नाही, कारण गावातला डॉक्टर माझाच विद्यार्थी. 'तुझं काही व्हायचं नाही' असं मी त्याला भर वर्गात सांगितलेलं. बाटलीवर लिहिलं होतं, जेवणानंतर एक. मी सकाळी उपाशीपोटी दोन घेतल्या, वर कढत चहा. गुण लवकर यावा म्हणून!

अर्ध्या तासात गुण आला. आधी कान तापले, मग गाल, मान, छाती. अंगभर खाज आणि मुंग्या. आरशात पाहिलं तर उकडून लाल झालेली कुर्ली, म्हणजे आमच्याकडचा खेकडा, चष्मा लावून उभी.

"काल काय खाल्लंत?" बायकोने विचारलं.

बांगडा! खराब बांगड्याने अंग लाल होतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. गोळीवर संशयच आला नाही. जीवनसत्त्व ते, सज्जन माणूस!

तसाच बाजार गाठला आणि वर्गातला आवाज लावला, "बाय, काल तू मला कुजका बांगडा दिलास! बघ माझं तोंड!"

बाजार थांबला. रोज तिची अर्धी टोपली उचलणारा खानावळवाला समोरच उभा होता. त्याने हातातला बांगडा हळूच परत ठेवला आणि चालू लागला. मागून आणखी दोघीजणी सटकल्या.

मला वाटलं, आता शिव्यांचा पाऊस. पण तिने फक्त एक कल्ला उचलला. "ह्यो लाल आसा, म्हणजे ताजो. तुमी लाल आसात, तां कित्याक, तां डाक्टराक विचारा."

डॉक्टरने शांतपणे विचारलं, "सर, गोळ्या कुठल्या घेतल्या?" मग माझ्याच विद्यार्थ्याने मला धडा शिकवला. हे जीवनसत्त्व एकदम जास्त पोटात गेलं की त्वचेतल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सोडतात, त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि माणसाची कुर्ली होते. उपाशी पोट आणि गरम चहा म्हणजे आगीत तेल. लाली तास-दोन तासांत उतरते. पण मोठे डोस मनानेच घेत राहिलात तर यकृत बिघडतं, साखर वाढते. कोलेस्टेरॉलचे आकडे सुधारतात, पण हृदयाला त्याचा म्हणावा तसा फायदा दिसत नाही, म्हणून आता आम्ही ते सहसा देत नाही.

"आणि सर, बांगडा रात्रभर विचार करून सकाळी अंगावर येत नाही. खराब असता तर कालच कळलं असतं." दारापर्यंत सोडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "ब-३ बांगड्यातही भरपूर असतं. तुम्हीच शिकवलं होतंत."

परत गेलो तेव्हा टोपली भरलेलीच होती आणि बर्फाचं पाणी झालं होतं.

"बाय, चुकलो गो."

"माका कित्याक सांगतास? ज्येंका आयकवलास, त्येंका सांगा. बसा हंयसर."

उपड्या क्रेटवर बसलो. येणाऱ्या प्रत्येकाला ती हातातल्या कोयत्यानेच माझ्याकडे खूण करी, "विचारा मास्तरांका." मी पाठ म्हणून दाखवी, "दोष गोळीचा, बांगड्याचा नाही."

एकाने विचारलं, "खंयची गोळी?"

"शाणपणाची," बाय म्हणाली. "ह्येंका सोसाक नाय."

दुपार कलली तेव्हा टोपली रिकामी झाली. शेवटचे दोन बांगडे तिने माझ्या पिशवीत टाकले. "घ्या. उपाशीपोटी खाव नकात!"

त्यानंतर रोज कल्ला उचलायच्या आधी ती माझे गाल बघायची. "आज बांगडो लाल, मास्तर पांढरे. बरां आसा."

गेल्या वर्षी बाय गेली. आता त्या जागी तिची सून बसते. परवा मी सहज विचारलं, "तो खानावळवाला दिसत नाही हल्ली?"

"तो?" ती खवले काढता काढता म्हणाली. "तुमी बोंबाललास, त्या दिसापासना फिरकलो नाय. आये म्हणायची, मास्तरांका सांगा नको. एकदा लाल झाले, तेवढां पुरे."

मी भरपेट जेवून आलो होतो. गोळी तर केव्हाच समुद्रात फेकलेली. तरी कान तापले. तोंड लपवायला म्हणून खाली वाकलो आणि एका बांगड्याचा कल्ला उचलून बघत राहिलो.

"लाल आसा मां?" सून म्हणाली.